मधल्या सुट्टीतला क्लास

आखातातल्या भारतीयांच्या क्लबच्या नृत्यस्पर्धेत गेल्या वर्षी शलाकाचा दुसरा नंबर आला, तेव्हापासून हेमाने लेकीची तयारी स्वतःच्या हातात घेतली होती. मनामा शहरातल्या फ्लॅटमध्ये ती पाटावर लाटणं आपटून ताल धरायची, आणि पाऊल चुकलं की तेच लाटणं पोरीच्या पोटरीवर बसायचं. नवरा सलमाबादच्या वर्कशॉपमधून घरी यायच्या आत पाट आणि लाटणं जागच्या जागी गेलेलं असे.

यंदा शाळाही नवी, इंग्रजी. दोन महिन्यांत पोरगी मराठी बोलेनाशी झाली. काहीही विचारा, "येस मम्मी" नाहीतर "नो मम्मी". त्यामुळे टीचरने बोलावलं तेव्हा हेमा धास्तावूनच गेली. पण टीचर हसत होत्या. "अरे, शी इज सो पॉप्युलर. रोज मधल्या सुट्टीत मुलींना डान्स सिखाती है. जाके देखिए."

हेमा कौतुकाने व्हरांड्याच्या टोकाला जाऊन उभी राहिली. चार मुली ओळीत नाचत होत्या आणि शलाका बाकावर फूटपट्टी आपटून ताल धरत होती. एका मल्याळी मुलीचं पाऊल चुकलं. फूटपट्टी सपकन तिच्या पोटरीवर बसली आणि ती रडायला लागली. शलाकाने तिला जवळ घेतलं, तिचे डोळे पुसले, आणि मराठीचा म कळत नसलेल्या त्या पोरीला स्वच्छ मराठीत म्हणाली,

 

"उगी, उगी. बाबांना सांगायचं नाही हं."