घामाला सुटणारी शिवण

मानपत्राचं वाचन लांबत चाललं होतं. मंचावरच्या दिव्यांखाली हात जोडून उभ्या असलेल्या डॉ. सरंजामेंना घाम फुटला, तशी पहिल्या रांगेतली त्यांची प्रयोगशाळेतली सहायक हेमांगी सावरून बसली.

शिवणयंत्रं केव्हाच भंगारात गेली होती. आता कपडे चिकटवले जायचे, पाण्यात बनवलेल्या अ‍ॅक्रिलिक डिंकाने. पाणी उडालं की डिंकाचे बारीक कण एकजीव होऊन कापड धरायचे. पण ते घामाला टिकायचे एका रेणूमुळे, कारण तो डिंकातल्या लांबलचक साखळ्या एकमेकींना बांधून ठेवायचा. तो रेणू हेमांगीने शोधला होता. पेटंटवर नाव लागलं ते एकट्या सरंजामेंचं.

वर त्यांनी तिलाच फर्मावलं होतं, "सत्काराचे कपडे तुझ्या हातच्या डिंकाने चिकटव गं. बाजारचा नको."

तिने अगदी मन लावून डिंक केला. फक्त तो रेणू घातला नाही.

"...एकहाती लावलेला हा शोध," निवेदक वाचत होता. सरंजामेंनी नम्रपणे मान झुकवली आणि कोटाची उजवी बाही खांद्यापासून सुटून खाली आली. मग पाठ उकलली. ते विजार सावरायला गेले, तर तिचा अर्धा भाग हातातच आला. सभागृहात हशा उसळला.

"हेमांगी, शाल! शाल आण लवकर!"

शालीचं तबक तिच्याकडेच होतं. ती सावकाश मंचावर चढली, शाल उचलून छातीशी धरली आणि माइक त्यांच्या तोंडापुढे नेला.

"देते ना सर. आधी सांगा, शोध कोणाचा?"