डोकी कोण पोचवणार?

राज्याच्या आरोग्य प्रयोगशाळेचा वर्षाचा खर्च समितीत मंजूर करताना सिनेटर डेल्मर फॉस यांची पेन्सिल एका गाडीवर आणि तिच्या ड्रायव्हरवर अडकली. माणसाला चावलेल्या जनावराचं डोकं बर्फात घालून ही गाडी गावोगावच्या गुरांच्या डॉक्टरांकडून प्रयोगशाळेत आणायची, आणि मेंदू तपासून रेबीज आहे की नाही ते दुसऱ्या दिवशी कळायचं.

"गाडी कशाला हवी हो, बाई? आमच्याकडची माणसं मला भेटायला राजधानीत येतच असतात. येता-येता आणतील की एखादं डोकं!" फॉससाहेब म्हणाले, आणि अख्खी समिती खो खो हसली.

प्रयोगशाळेच्या प्रमुख आर्डिस होव्हलंड हसल्या नाहीत. गेल्याच हिवाळ्यात जनावर चावलेल्या एका पोरीसाठी त्यांनी ती गाडी बर्फातून दोनशे मैल पळवली होती.

"हे लेखी द्याल?" एवढंच त्यांनी विचारलं.

साहेबांनी ऐटीत तसं लिहून खाली सही ठोकली. बाईंनी तो कागद त्याच दुपारी राज्यातल्या सगळ्या गुरांच्या डॉक्टरांना धाडला, खाली डोकी पाठवायचा नवा पत्ता ठळक घालून.

सोमवारी साहेबांचा फोन आला, आवाज पार चिरकलेला. "अहो बाई, माझ्या टेबलावर बर्फाचे अकरा डबे आलेत! एकातून कोल्ह्याचा कान दिसतोय! आधी माणूस पाठवा!"



"माणूस कुठला, साहेब? तो तुम्हीच छाटलात. तिकडे जनावर चावलेली अकरा माणसं खोळंबलीत. उठा, घरी जाता-जाता आणून टाका!"