भुरका

ओसाकाच्या त्या गल्लीतल्या खानावळीत उडोन नूडल्सचा स्वस्तातला वाडगा समोर आला की म्हाताऱ्या तोकुझोंचा चेहरा उजळायचा. पण ते चॉपस्टिक्स उचलणार, तोच त्यांची सून किनुए पिशवीतून छोटी कात्री काढायची आणि त्यांच्या लांबलचक नूडल्सचे बारीक तुकडे करून टाकायची. आजूबाजूला सगळी खानावळ भुरके मारत असायची. तोकुझो मात्र खिमटी खाणाऱ्या पोरासारखे चमच्याने तुकडे गोळा करत मुकाट जेवायचे.

आज त्यांनी वाडग्यावर हात धरला.

"एक दिवस राहू दे ना, सूनबाई. भुरका मारल्याशिवाय चव कळत नाही गं."

"हात काढा मामंजी, निवतंय," किनुए मायेने म्हणाली आणि तिने कात्री चालवली.

खानावळीच्या मालकीणबाईंना भरून आलं. किनुएच्या जवळ येऊन त्या हळूच म्हणाल्या, "किती करतेस गं त्यांचं. घशात अडकतं का त्यांच्या? डॉक्टरांनी सांगितलंय?"

"घसा ठणठणीत आहे त्यांचा. आणि सांगितलंय ते मामंजींनीच. मी नवी नवरी होते. पहिला भुरका मारला, तर मामंजींनी माझा वाडगा उचलून मोरीत ओतला. म्हणाले, आमच्या घरात भुरके पुरुषांनी मारायचे."

मग किनुएने आपल्या वाडग्यातली सगळ्यात लांब नूडल निवडली, सासऱ्यांच्या कानाशी वाकली आणि सावकाश, शेवटच्या टोकापर्यंत ओढली.