पत्रातल्या चुका

"'व्याकरन शिकवनाऱ्या म्हाताऱ्या, रवीवारी सभेत दीसलास तर हात मोडून टाकु.'"

अध्यक्ष हेमांगीताईंनी पत्र वाचून टेबलावर ठेवलं. साहित्य मंडळाच्या बैठकीत कुणी चहालाही हात लावला नाही. हे तिसरं पत्र.

"एका ओळीत पाच चुका," चुडामण सर म्हणाले. छत्तीस वर्षं जळगावात मराठी शिकवलेला माणूस. धमकीतही त्यांना आधी शुद्धलेखन दिसलं.

सगळे नवलकडे बघू लागले. सोनगीरच्या या पोराची कादंबरी मंडळाने रविवारच्या सभेत द्यायच्या पुरस्कारासाठी निवडली होती. व्याकरण धाब्यावर बसवून लिहिलेली. विरोध एकट्या सरांनीच केला होता. अशुद्ध लिहिणाऱ्याला बक्षीस दिलं तर पोरांना शिकवायचं काय, म्हणून.

नवलने पत्र उचलून दोनदा वाचलं. "मी नाही लिहिलं."

"मग कुणी? असं लिहिणारा दुसरा आहे कोण?"

"सर, मी लिहितो ती मनी मायनी भाषा शे, आईच्या तोंडची. ही कुठलीच बोली नाही. ह्या नुसत्या चुका शेतस."

"अस्सं! म्हणजे दोन्हींत फरक असतो?" सर छद्मी हसले. "मला नाही कधी दिसला."

"दिसणारच नाही. लाल पेन खाली ठेवून तुम्ही वाचलंय काय आजवर?"

"ऐकलंत, ताई? पत्रातसुद्धा हाच माज आहे."

हेमांगीताईंनी कपाळ चोळलं. "नवल, पुरस्कार तूर्त थांबवते. आणखी एक पत्र आलं, तर मला पोलिसांत जावं लागेल."

नवल उठला. दाराशी जाऊन वळला. "आईला रविवारची पत्रिका वाचून दाखवली होती," एवढंच बोलून तो धुळ्याची बस गाठायला निघून गेला.

सर स्कूटरवरून पिंप्राळ्याला घरी आले. पत्नी बेबाबाई दारातच उभ्या होत्या.

"मिटलं का हो सगळं?"

"त्याचा पुरस्कार थांबला."

"मग आता तरी पत्रं येणार नाहीत ना?"

"तो पोरगा सुधारणारा नाही," सर म्हणाले आणि आतल्या खोलीत जाऊन त्यांनी कडी लावली.

टेबलाशी बसून त्यांनी एक ओळ लिहिली. वाचली. 'प्राण'मधला ण सवयीने बरोबरच पडला होता. चरफडत त्यांनी कागद फाडला, पेन पुन्हा डाव्या हातात धरलं आणि मन घट्ट करून लिहिलं, 'म्हाताऱ्या, तुजा प्रान घेनार.'