पंधरा वर्षांचं गिऱ्हाईक

"तुमच्या जागी आमची एखादी महिला शिपाई पाठवतो," साकोली ठाण्याचे इन्स्पेक्टर म्हणाले.

सुलोचनाबाईंनी मान हलवली. "नाही साहेब. तो पोलीस वळखते. मले पाहून पळणार नाही."

सुलोचनाबाई जवळच्याच गावच्या आशा सेविका. अकरावीतली रीना गोळ्या खाऊन वर्गात कोसळली, तेव्हा भंडाऱ्याच्या दवाखान्यात त्याच तिच्या उशाशी बसल्या होत्या. शुद्धीवर आल्यावर पोरीनं सांगितलं, गोळ्या मोबाईलवर मागवल्या. विकणाऱ्याच्या खात्यावर ना नाव, ना चेहरा. 'परीक्षेचं टेन्शन गायब', एवढंच.

रीनाच्या बापानं तिचा फोन आपटून फोडला. सुलोचनाबाईंनी स्वतःच्या फोनवर शाळकरी पोरीच्या नावानं खातं उघडलं. पोरी लिहितात तसं अर्धंमुर्धं लिहायला शिकल्या आणि त्या माणसाशी बोलू लागल्या.

"मी पंधरा वर्षांची आहे. चालेल?"

उत्तर रेकॉर्ड केलेल्या आवाजात आलं. "चालते. सारे तुयाच वयाचे हायेत."

त्या रात्री त्यांनी तो आवाज पुन्हा पुन्हा लावून ऐकला. दुसऱ्या दिवशी त्यांनी ठाणं गाठलं.

"घरी कोणाला सांगितलंय?" इन्स्पेक्टरांनी विचारलं.

"पोराले नाही सांगितलं. सांगितलं असतं तं हे काम झालंच नसतं."

इन्स्पेक्टर हसले. "पोरांना आईची काळजी असतेच."

गोळ्या घ्यायला ठरलेल्या जागी, बस स्टँडमागच्या रसवंतीच्या बाकावर, सुलोचनाबाई जाऊन बसल्या. साध्या कपड्यांतले पोलीस आसपास पांगले. तोंडाला दुपट्टा बांधलेला एक जण मोटारसायकलवरून उतरला आणि शाळकरी पोरगी कुठं दिसते का, पाहू लागला. त्याची नजर सुलोचनाबाईंवर गेली. तो जागीच थिजला. पोलिसांनी दोन्हीकडून धरलं. खिशातून गोळ्यांच्या पट्ट्या निघाल्या.

इन्स्पेक्टरांनी हात जोडले. "बाई, किती लेकरं वाचवलीत तुम्ही."

"ज्याईनं आधीच घेतल्या, त्याईच्या घरी मी जाईन," त्या म्हणाल्या. "त्याईले मारू नका, दवाखान्यात न्या म्हणून सांगीन."

शिपायानं त्या माणसाचा दुपट्टा ओढला. "नाव काय रे?"

त्यानं मान खाली घातली.

"कैलाश," सुलोचनाबाई म्हणाल्या.

इन्स्पेक्टर वळले. "तुमच्या ओळखीचा आहे?"

त्यांनी कैलाशच्या कपाळावर आलेले केस मागं सारले.

"मायाच पोटचा आहे, साहेब."