हुकमाचा एक्का

दोघी जावा सिव्हिल इंजिनिअर. ज्या कंपनीत प्लॅनिंगच्या मुलाखतीला जाऊन थोरली हात हलवत परत आली होती, तिथूनच आता धाकटीला बोलावणं आलं, आणि थोरलीच्या पोटात दुखायला लागलं. त्यात सासूबाईंचं फर्मान, "तू जाऊन आलीयेस ना? मग हिची तयारी तूच करून घे."

थोरलीने घेतली. जेवणाच्या टेबलावर बार चार्ट पसरला, काँक्रीटचे हिशेब घोकून घेतले, कुठे हसायचं तेही शिकवलं. फक्त एक प्रश्न गिळला. काम महिनाभर मागे पडलंय, कसं भरून काढाल? त्यावरचं तिचं उत्तर म्हणजे हुकमाचा एक्का: माणसं दुप्पट, पाळ्या दोन! तो काय असा फुकट वाटायचा?

धाकटी नोकरी घेऊनच घरी आली.

"ताई, तुम्ही न सांगितलेला एकच प्रश्न आला. काम मागे पडलं तर काय कराल म्हणे."

"मग?" थोरलीने आवाजात होती नव्हती ती साखर घातली.

"मला काही सुचेचना. म्हटलं, आधी काम का अडलंय ते साइटवर जाऊन विचारीन. ड्रॉइंगच आलं नसेल, तर माणसं वाढवून काय त्यांना बसवून ठेवायचं? साहेब खूश! म्हणाले, जो येतो तो तेच पाठ करून येतो, माणसं दुप्पट, पाळ्या दोन. तिथेच आम्ही फुली मारतो."

धाकटीने वाकून नमस्कार केला. "बरं झालं बाई, तुम्ही मला ते शिकवलं नाहीत!"