गुरुवारची गळती

अपघातांचा आधीच अंदाज सांगणाऱ्या यंत्राचं भाकीत सहसा चुकत नसे, म्हणून रसायनांच्या त्या कारखान्यात संकट येण्याआधीच त्याची फाइल तयार होई. सुरक्षा अधिकारी वैजयंती घोसाळकरनं सोमवारी सकाळी नवी फाइल उघडली. गुरुवारी तिसऱ्या टाकीचा व्हॉल्व्ह फुटून चार कामगार दगावणार होते. त्यांची नावं होती, शोकसंदेश होता आणि शेवटी वैजयंतीच्या बडतर्फीचं पत्र होतं. कारण, निष्काळजीपणा. सही व्यवस्थापक केतकर सरांची.

याच सरांनी तिला बोट धरून काम शिकवलं होतं. ती तडक त्यांच्याकडे गेली.

"सर, व्हॉल्व्ह बदला म्हणून मी तीनदा लिहून दिलंय."

"त्यासाठी आठ दिवस कारखाना बंद ठेवावा लागतो. वरचे तयार नाहीत," ते खाली बघत म्हणाले. "तुझ्यासाठी दुसरीकडे शब्द टाकीन मी."

"आणि त्या चौघांसाठी?"

सरांनी फाइल मिटून तिच्याकडे सरकवली.

वैजयंतीनं भोंगा वाजवला आणि फाटकाशी जमलेल्या कामगारांना ती फाइल वाचून दाखवली, चारही नावांसकट.

गुरुवारी व्हॉल्व्ह फुटला तेव्हा कारखान्यात चिटपाखरूही नव्हतं. ते कळल्यावर वैजयंतीचा जीव भांड्यात पडला. संध्याकाळी सरांचा फोन आला. तो मात्र तिला उचलवला नाही.